नॉकारडाचं अर्धं फाटक

जूली कडिहीला हॅना टोबिनचा मत्सर वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावात ते सगळ्यांना माहीत होतं, फादर मार यांना तर दर शनिवारी पापाच्या कबुलीत ऐकावं लागायचं, आणि खुद्द जूलीनेही ते कधी लपवलं नाही. दुसऱ्या बायका मत्सराला दुसरी नावं देतात. 'मला काय त्याचं' म्हणतात आणि रात्रभर कूस बदलत राहतात. जूली सरळ म्हणायची, "तिला बघितलं की माझ्या पोटात दुखतं. आता दुखतं त्याला मी काय करू?"

जूली राहायची नॉकारडाच्या फाटकातल्या दोन खोल्यांच्या घरात. नॉकारडा म्हणजे हार्कनेसांचं मोठं घर. दर पिढीत एक मुलगा सैन्यात आणि एक लंडनच्या पार्लमेंटात, असा त्यांचा शिरस्ता. सैन्यात गेलेला बहुतेक परत यायचा नाही आणि पार्लमेंटात गेलेला बोलणं थांबवायचा नाही. पुढे आपलं पार्लमेंट डब्लिनला आलं, हार्कनेसांना बोलायला जागा उरली नाही, आणि घरात शेवटी उरल्या त्या एकट्या मिस लेटी. लग्न न केलेल्या, काठीसारख्या ताठ, आणि मागे कायम एक म्हातारा कुत्रा.

हॅना त्यांची स्वयंपाकीण. जूली आणि हॅना एकाच सकाळी, एकाच गाढवगाडीतून नॉकारडाला कामाला आल्या होत्या, दोघी सोळा वर्षांच्या. मिस लेटीने दोघींचे हात बघितले आणि हॅनाला स्वयंपाकघरात पाठवलं, जूलीला धुण्याच्या घरात. का, ते त्यांनी सांगितलं नाही. जूलीच्या मते तिथेच सगळं बिनसलं. धुण्याच्या घरात सोडा आणि वाफ, स्वयंपाकघरात मालकीण. दोन वर्षांनी जूलीने फाटकावरच्या मॉसीशी लग्न केलं आणि ती फाटकात राहायला आली. म्हणजे मोठ्या घरापासून आणखी पाऊण मैल लांब. मॉसी गेला तरी फाटक तिच्याकडेच राहिलं.

हॅनाने लग्न केलं नाही. आपण आणि मिस लेटी एकाच घरच्या, असं ती बोलायची. "या नाताळात आम्ही हंस भाजणार नाही, आम्हाला हंस पचत नाही." "आम्ही काल जरा पडून होतो, थंडी बाधली आम्हाला." हे 'आम्ही' जूलीच्या कानात खडा पडावा तसं सलायचं.

"कोण आम्ही गं?" जूली एकदा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली. "तू आणि चूल?"

"आम्ही म्हणजे घर," हॅना शांतपणे म्हणाली. "फाटक त्यात येत नाही."

आणि तो कोट. मिस लेटीचा जुना कोट, बाटलीसारखा हिरवा, गळ्याला कोल्ह्याची कातडी. एका हिवाळ्यात तो हॅनाला मिळाला. तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला हॅना तो घालून पहिल्या बाकांपर्यंत जायची आणि जूली मागच्या बाकावरून कोल्ह्याकडे बघत प्रार्थना म्हणायची. तसल्या प्रार्थनेचं काय होत असेल ते देवालाच ठाऊक.

जूलीला काय हवं होतं? कोट हवा होताच, नाही असं नाही. पण त्याहून तिला एक गोष्ट हवी होती. आपण मिस लेटीच्या नजरेला पडलो होतो, एवढं एकदा कुणीतरी सांगावं. मिस लेटी दिवसातून दोनदा कुत्र्याला घेऊन फाटकातून जायच्या. "गुड मॉर्निंग जूली." "गुड मॉर्निंग, बाईसाहेब." इतक्या वर्षांत एकदा सोडलं तर याच्या पलीकडे गाडी गेली नाही.

आणि नजरेला पडावं असं जूलीकडे एक होतं.

मिस लेटीचा पुतण्या, रोली. आईबाप हिंदुस्थानात वारले म्हणून लहानपणापासून नॉकारडात वाढलेला. शाळेच्या सुट्टीत तो मोठ्या घरातून पळून फाटकात यायचा आणि जूलीच्या तव्यावरचे बटाट्याचे घावन हाताला चटके बसले तरी खायचा. हॅनाच्या हातचं सोडून जूलीच्या हातचं खाणारं जगात ते एकच माणूस, त्यामुळे जूलीचा त्याच्यावर किती जीव होता ते सांगायला नको. मोठा झाला, कॅप्टन झाला, लढाईवर गेला. तो गेला त्या दिवशी मिस लेटी फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "जूली, रोली कधी कळवून येत नाही. संध्याकाळी फाटक लावू नकोस." जूलीने लावलं नाही.

मग इटलीतून तार आली. हॅनाने स्वयंपाकघरात हंबरडा फोडला, मिस लेटी खाली उतरून आल्या आणि दोघी चुलीजवळ बसून राहिल्या, असं मोलकरणीने येऊन सांगितलं. जूलीला कुणी बोलावलं नाही. ती दिवसभर फाटकाच्या घरात बसून होती, तव्याकडे बघत. रडायलाही हॅनाची जागा ठरलेली आणि तिला मात्र जागाच नाही, हे तिला रोलीच्या जाण्याइतकंच लागलं. मी तिला चांगली बाई ठरवायला बसलेलो नाही, जे होतं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी कारभारी मिस्टर प्रिंगल सायकलवरून आले. स्कॉटलंडचा माणूस, हसण्याचेही पैसे पडतील अशा बेताने राहणारा. म्हणाले, "आजपासून फाटक पूर्वीसारखं लावायचं."

त्या संध्याकाळी जूलीने फाटकाच्या दोन बाजूंपैकी डावी लावली आणि उजवी तशीच सोडली. रोज तसंच. शेजारच्या ऊरिगनच्या गाई आत शिरून हिरवळ तुडवून गेल्या तेव्हा प्रिंगल तणतणत आले.

"बिजागरी खचलीये साहेब," जूली म्हणाली. "हलत नाही."

त्यांनी तेल पाठवलं. जूलीने ते शिवणाच्या मशिनला वापरलं. त्यांनी लोहार पाठवला, तिने त्याला चहा पाजला आणि हात जोडले, तो जाऊन सांगता झाला की खांबच बसलाय, काही होणार नाही. त्या दिवसापासून सगळा गाव धरून चालला की नॉकारडाचं फाटक अर्धं मोडलंय. हॅनाला तर आयतंच सापडलं. "अख्ख्या दिवसाचं काम काय, तर एक फाटक लावणं. तेही अर्धंच होतं बाईच्याने."

जूली गप्प बसायची. तोंडाळ बाई या एकाच गोष्टीत गप्प. कुणाला सांगितलं असतं तर ते दाखवायला केल्यासारखं झालं असतं. तिला ते मिस लेटीच्या आपणहून लक्षात यायला हवं होतं. आणि मिस लेटी रोज दोनदा त्या उघड्या बाजूने जात होत्या, बाजूच्या लोखंडी कांबीला काठी टेकवत, आणि म्हणत होत्या, गुड मॉर्निंग जूली.

अकरा वर्षं असं चाललं. मग फेब्रुवारीत मिस लेटी गेल्या.

हार्कनेस प्रोटेस्टंट, बाकी आम्ही सगळे कॅथलिक. त्या काळी आपल्या माणसाने त्यांच्या चर्चमध्ये पाऊल टाकणं म्हणजे मोठं पाप, बिशपपर्यंत जाणारं. म्हणून त्यांच्यातलं कुणी गेलं की सगळा गाव चर्चच्या भिंतीबाहेर उभा राहायचा. पुरुष टोप्या काढून कुंपणाला टेकायचे आणि हळू आवाजात वासरांच्या भावाचं बोलायचे, बायका खिशात हात घालून जपमाळ ओढायच्या. आत त्यांचं चालायचं, बाहेर आपलं. पेटी बाहेर आली की मग कबरीपर्यंत सगळे बरोबर. माती तेवढी दोघांची एकच.

जूली लवकर येऊन दाराच्या समोरची जागा धरून उभी होती. वारा असा की डोळ्यांतून आपोआप पाणी यावं. तिने बायकांवर नजर फिरवली. हॅना नव्हती.

"हॅना कुठाय?"

"घरी असेल," शेजारची मिसेस ड्वायर म्हणाली. "एवढी विलायतेची पाहुणे मंडळी आलीत. हॅमचे काप कोण करणार?"

जूलीला बरं वाटलं. आज तरी आपण हॅनापेक्षा जवळ, असा एक क्षुद्र विचार तिच्या मनात आला आणि तिने तो हाकललाही नाही. तेवढ्यात गाड्या आल्या. पेटी आत गेली, मागून घरची माणसं गेली. आणि त्या माणसांत, पाठमोरा, बाटलीसारखा हिरवा कोट. गळ्याला कोल्हा. दारातून आत जाऊन नाहीसा झाला.

जूलीच्या अंगाचा तिळपापड झाला. गेली. हॅना टोबिन आत गेली. बिशप नाही, फादर नाही, नरक नाही, कशाची म्हणून पर्वा न करता मिस लेटीच्या मागे थेट आत गेली. आणि उद्यापासून जन्मभर ऐकवणार. 'आम्ही शेवटपर्यंत बरोबर होतो. लोक काय, भिंतीशी उभे होते.'

"जूली," मिसेस ड्वायरने बाही धरली. "जूली, डोकं फिरलं का तुझं?"

जूलीने बाही सोडवली आणि खडीवरून चालत गेली. तिच्या मागे पुरुषांचं वासरांबद्दलचं बोलणं थांबलं, ते तिला ऐकू आलं.

दारातून आत जाताना तिचा हात सवयीने बाजूला गेला, आपल्या चर्चमध्ये दाराशी असतं त्या तीर्थाच्या पाण्यासाठी, आणि कोरड्या दगडावर आपटला. ती शेवटच्या बाकाच्या टोकाला बसली. गुडघे टेकायचे की नाही ते कळेना, म्हणून टेकले नाहीत. ना मेरीमाता, ना एखादा संत. भिंतींवर सगळीकडे हार्कनेसच. हा क्रायमियात, तो आफ्रिकेत, तो फ्रान्समध्ये. आणि शेवटची संगमरवरी पाटी, इतरांपेक्षा पांढरी. रोली. ती पाटी तिथे आहे हे जूलीने ऐकलं होतं, बघायला कधी मिळालं नव्हतं. दहा वर्षं ती मैलभर अंतरावर होती आणि तिला आज दिसत होती. तिने ते नाव अक्षर अक्षर लावून वाचलं.

गाणं संपलं, माणसं खाली बसली, आणि पुढच्या बाकावरचा हिरवा कोट रुमाल घ्यायला वळला.

हॅना नव्हती. मिस लेटीची विल्टशरची भाची होती, गव्हाळ केसांची, लाल नाकाची. विलायतेहून पातळ कोटात आली असणार, आणि हॅनाने खुंटीवरचा आपला काढून दिला असणार.

जूलीच्या तोंडचं पाणी पळालं. संपूर्ण चर्चमध्ये आपल्या गावची ती एकटी. उठून जावं तर दार करकरणारं आणि पाद्री बोलायला उभे राहिलेले. ते पाद्रीही नवे, नोव्हेंबरात उत्तरेकडून आलेले, तरुण, कानांच्या पाळ्या लाल. त्यांना या गावची माणसं माहीत असायचं कारणच नव्हतं. त्यांच्याकडे येतं कोण?

ते मिस लेटीच्या घराण्याबद्दल बोलले, धीराबद्दल बोलले. जूली अर्धं ऐकत होती, अर्धं फादर मार यांना काय सांगायचं त्याचा विचार करत होती. मग ते म्हणाले:

"शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांचा पुतण्या लढाईत पडल्याची तार आली, त्यानंतर त्यांच्याकडच्या एका बाईने फाटकाची एक बाजू कधीच लावली नाही. कारभाऱ्याला सांगितलं, बिजागरी खचलीये. मिस हार्कनेस म्हणाल्या, 'ती खोटं बोलतेय ते मला पहिल्या दिवशीच कळलं. मी रोज त्या बाजूला काठी टेकवून बघायची, हलतेय की नाही. मी तिचे आभार कधी मानले नाहीत. मला भीती वाटायची, बोलले तर ती लाजेल आणि फाटक लावून टाकेल.'"

जूलीने समोरच्या बाकाची कड घट्ट धरली.

"त्या निष्ठावान बाईचं," पाद्री म्हणाले, "हॅनाचं, आज आपण इथे स्मरण करू."

हॅनाचं.

क्षणभर जूलीला वाटलं, आपण उठून ओरडणार. सगळं आयुष्यभर मिळालं ते हॅनाला. चूल हॅनाला, कोट हॅनाला, रडायची जागा हॅनाला. एक फाटक तेवढं जूलीचं होतं, आणि तेही आज देवासमोर, रोलीच्या पाटीसमोर, हॅनाच्या नावावर चढलं. त्या बिचाऱ्या पाद्रीबुवांना काय ठाऊक कोण चुलीची आणि कोण फाटकाची. त्यांनी घरात एकच नाव ऐकलं असेल. प्रिंगल तर केव्हाच स्कॉटलंडला परतले होते. चूक झाली हे कळणारं माणूस त्या इमारतीत एकच होतं, आणि ते तिथे असायलाच नको होतं.

ती बाहेर आली तेव्हा बायकांनी तिला वाट करून दिली, जरा जास्तच मोकळी. भिंतीशी हॅना उभी होती. पातळ काळ्या स्वेटरमध्ये, ओठ निळे पडलेले. हॅम कापून धावत आलेली.

"तू आत गेलीस," हॅना म्हणाली. त्यात राग नव्हता. "मला गं धीर झाला नाही. दारापर्यंत आले होते."

जूलीने मागे वळून दाराकडे बघितलं.

"काय म्हणाले? कुणाचं नाव घेतलं का? घरच्यांपैकी?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं. त्यांच्या बायबलातलं काहीतरी म्हणाले, मला काय कळतंय. जूलीने तोंड उघडलं तेव्हा तेच म्हणायचं तिच्या मनात होतं.

"तुझं घेतलं," ती म्हणाली. "निष्ठावान हॅना म्हणाले."

हॅनाने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि रडू लागली. मिसेस ड्वायरने तिला जवळ घेतलं, मग बाकीच्यांनीही. जूली बाजूला उभी राहून बघत होती. सत्य सांगूनही पुन्हा रडायची जागा हॅनालाच मिळाली, हे तिच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

माती देऊन झाल्यावर दोघी एकाच रस्त्याने परत निघाल्या. हॅनाला पाहुण्यांच्या चहाची घाई होती. चालता चालता तिला कंठ फुटला.

"माझ्या ब्रेडचं सांगितलं असणार त्यांनी पाद्रीबुवांना. शेवटी दुसरं काही घशाखाली उतरतच नव्हतं गं. माझा सोडा ब्रेड, दुधात भिजवून. म्हणायच्या, हॅना, तुझ्यासारखा ब्रेड कुणाला नाही जमत."

"असं?"

"तोंडात विरघळायचा म्हणायच्या. ब्रेडचंच सांगितलं असणार. इतकी वर्षं आम्ही एकत्र काढली, पण चर्चमध्ये ब्रेडचं निघेल असं मला स्वप्नात नसतं आलं."

ओढ्याच्या पुलापर्यंत ब्रेड. चढावर ब्रेड. जूली दातओठ खात चालली होती. नाव गेलं ते गेलं, ते तिने सोडून दिलं होतं. पण ब्रेड?

फाटक आलं. डावी बाजू लावलेली, उजवी उघडी. हॅना थांबली आणि डोळे पुसत म्हणाली, "आता तरी ते लावत जा जूली. विलायतेचे लोक आलेत. काय म्हणतील?" आणि वाकून तिने त्या लोखंडी कांबीला हात घातला.

"हात काढ."

"अगं मी मदतच..."

"हात काढ म्हटलं ना."

हॅनाने हात काढला.

"ब्रेडचं नाही सांगितलं त्यांनी," जूली म्हणाली. "फाटकाचं सांगितलं. रोलीची तार आल्यापासून जिने हे लावलं नाही, त्या बाईचं. मिस लेटी म्हणाल्या, बिजागरी धड आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं. रोज काठी टेकवून बघायच्या. मी लावीन या भीतीने बोलल्या नाहीत. आणि मग त्या गाढवाने तुझं नाव घेतलं."

हॅना उघड्या बाजूकडे बघत राहिली. मग तिने बोटाने ती हळूच ढकलली. बाजू आवाज न करता हातभर आत गेली आणि परत आली.

"अकरा वर्षं," हॅना म्हणाली.

"हो."

"मला म्हणाली असतीस तर."

"तुला का म्हणू?"

"आणि त्यांनाही माहीत होतं. मी रोज त्यांच्यासमोर तुझ्या आळसावरून बोलायची. चहा ओतताना. त्या ऐकून घ्यायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत." हॅनाचा आवाज बारीक झाला. "मला सांगितलं नाही त्यांनी. मला सगळं सांगायच्या. हे नाही सांगितलं."

"गप्प बसायला हवं होतं मी," जूली म्हणाली. "पण तू सगळ्या वाटेने ब्रेड ब्रेड करत होतीस."

हॅनाने मान वर केली आणि जूलीकडे बघितलं. ती नजर जूलीने लगेच ओळखली. पातेल्याच्या बुडात, खिडकीच्या काचेत, विहिरीच्या पाण्यात, सगळीकडे तिने ती बघितली होती, फक्त स्वतःच्या चेहऱ्यावर.

हॅना उघड्या बाजूने आत गेली, मोठ्या घराच्या वाटेने, पातळ स्वेटरमध्ये, खांदे आवळून. जूली ती वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. चांगला पोटभर आनंद. तो शनिवारपर्यंत टिकला असता तर फादर मार यांना सांगायला बरं झालं असतं, पण हॅना दिसेनाशी झाली आणि जूलीच्या लक्षात आलं की बाई गारठून चालली आहे, आणि कोट आता दुसरीच्या अंगावर आहे.

तिने घरात जाऊन दाराआडची आपली शाल काढली आणि हॅनाला हाका मारत त्या वाटेने निघाली. मागे फाटकाची बाजू तिने तशीच ठेवली.